दुसऱ्या सावलीचं भाडं

नोव्हेंबरअखेर सूर्य डोंगरामागे जातो
आणि जानेवारी सरत आला तरी इसाफ्योर्दुरला तोंड दाखवत नाही.
तेवढ्या अंधारात आम्ही एक सूर्यमाला केली,
जाळी दुरुस्तीच्या शेडमध्ये, वरच्या मजल्यावर,
जुन्या सागरी नकाशाच्या पाठीवर.
पुढच्या बाजूचे खोलीचे आकडे
कागदातून अजून उमटायचे:
एकशे दहा, चाळीस, बारा, खडक.

पहिलं भांडण सूर्यावरूनच.
उना म्हणाली, दोन हवेत.
स्टेइंथोरने कानामागची पेन्सिल काढली.
तीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनाशी बोललेला माणूस,
म्हणाला, दोघांच्या मधे ग्रह टिकायचा नाही,
भाजेल, नाहीतर भिरकावला जाईल.
रात्री दीडपर्यंत आकडेमोड,
मग कुरकुरत: लांब ठेवा. दोघांपासूनही लांब.
उना चौदा वर्षांची, तिची घरंही दोन.
ती काही बोलली नाही.
जाळ्याचे दोन बोये, एक नारिंगी, एक पिवळा,
टेबलाच्या मधोमध ठेवले.

खेळ मी चालवते, म्हणजे जगाचा दोष माझ्याकडे.
कुठल्या चंद्रावर पाणी महाग, कुठे श्वास,
जहाजाला धक्क्यावर किती दिवस फुकट.
खारवट नावाचा ग्रह केला, त्याला समुद्र आहे, किनारा नाही,
म्हणून तिथल्या बोलीत 'परत' हा शब्द नाही.
एका ग्रहावर मुद्दाम काहीच ठेवलं नाही.
हे नेमके तिथेच उतरले,
तीन शनिवार भटकले,
आणि स्टेइंथोरने तिथला हीटर दुरुस्त केला.
हीटर कुठून आला, मला विचारू नका.

बोगुमिला मासळीच्या कारखान्यातून थेट यायची.
फासा टाकण्याआधी मुठीत धरायची,
त्याला नव्हे, बोटांना ऊब यावी म्हणून.
डिसेंबरच्या मध्यावर म्हणाली,
दोन सूर्य, म्हणजे माणशी दोन सावल्या.
मग एक विकता येईल.

स्टेइंथोरने पेन्सिल खाली ठेवली.

मी बाजार लिहिला, भाव लिहिले.
दूरच्या चंद्रांवर, जिथून दोन्ही सूर्य टाचणीच्या डोक्याएवढे,
तिथले धनवंत सावल्या घेतात,
उंबऱ्याबाहेर अंथरतात,
पाहुण्यांना वाटावं, यांच्याकडेही ऊन येतं.

तिची वैमानिक दुसरी सावली विकून आली:
खाणीच्या चंद्रावरून भावाला आणायचं, एका माणसाचं भाडं.
फासा वीस बाजूंचा. पडले तीन.
जहाज आलं, भाऊ त्यात नव्हता.
पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी आकडा फिरवू शकले असते.
फिरवला नाही. त्या रात्री झोप लागली नाही.
सावली परत मिळते? तिने विचारलं होतं.
वही चाळली. तो नियम लिहिलाच नव्हता.
नाही, म्हणाले. मग म्हणाले, अजून नाही.
तिने फोन उलटा ठेवला.
सुवाल्कीहून आलेला निरोप तिने आम्हाला कधी वाचून दाखवला नाही.

जानेवारीच्या पंचविसाव्याला सूर्य खिंडीत आला.
सगळं गाव पॅनकेक आणि कॉफी घेऊन रस्त्यावर,
डोळे चोळत, एकमेकांचे डाग बघत.
बोगुमिला बर्फात उभी, उन्हाला पाठ देऊन.
समोर एक लांब निळी सावली, कुंपणापलीकडे गेलेली.
तिने दुसऱ्या अंगाला पाहिलं. नुसता बर्फ.
बरोबर आहे, म्हणाली, एकच उरायला हवी.
आणि हसली, पण पॅनकेक तसाच हातात.

उना कॉफी सांडत तिच्यापर्यंत गेली,
उजव्या हाताला, अगदी खेटून उभी राहिली.

कोन चुकलाय, स्टेइंथोर म्हणाला,
दोन सूर्यांच्या सावल्या अशा शेजारी शेजारी पडत नाहीत.
पण पेन्सिल कानामागेच होती.